एक ओरखडा आणि सत्तावीसशे गोल

धातूच्या चकचकीत पत्र्यावर ओरखडा उमटला की माणसापुढे तीन रस्ते असतात. पहिला, तिकडे दुर्लक्ष करण्याचा. दुसरा, त्यावर रंग मारण्याचा. आणि तिसरा, उरलेल्या अख्ख्या पत्र्यावर तसलेच आणखी काही हजार ओरखडे स्वतःच्या हातानं काढण्याचा. पहिल्या दोन रस्त्यांनी जाणारी माणसं रात्री सुखानं झोपतात, त्यामुळे त्यांच्यावर लेख लिहिता येत नाही. हा लेख तिसऱ्या रस्त्यानं जाणाऱ्यांबद्दल आहे. घरच्या घरी पत्र्यावर गोल गोल नक्षी काढणारा माणूस विचारल्यावर ‘सजावट करतोय’ असं सांगतो. माझा दावा असा आहे, की सजावट त्या कामात फार उशिरा येते, आणि बऱ्याचदा येतच नाही. मुळात ही नक्षी चूक झाकण्याची सोय आहे. एकटादुकटा ओरखडा दिसला की लोक त्याला डाग म्हणतात, आणि तेच ओरखडे रांगेत उभे केले की नक्षी म्हणतात. समाजाच्या या भोळेपणावरच तो सगळा धंदा चालतो.

दाव्याला पुरावा लागतो, आणि पुराव्याला गाव लागतं. वाशिम जिल्ह्यातलं मानोरा घेऊ. तालुक्याचं गाव आहे, विदर्भात आहे, म्हणजे घरोघरी कूलर आहे. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं, की इकडे कूलर हे निव्वळ यंत्र नसून घरातला एक हंगामी सदस्य असतो. थंडीभर तो माळ्यावर किंवा जिन्याखाली जुन्या चादरीत गुंडाळून पडलेला असतो आणि मार्च उजाडला की त्याला समारंभानं खाली आणतात. समारंभाला दोन माणसं आणि एक डुगडुगणारं स्टूल लागतं, आणि त्याचे मंत्र ठरलेले असतात. “धरला काय?” “धरला.” “सोडू?” “सोडू नको ना बे!” तोवर सोडलेला असतो. कूलर दाराच्या चौकटीला घासत खाली येतो आणि समोरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर वीतभर ओरखडा उमटतो. आता खरं पाहिलं तर त्या कूलरची खस तीन वर्षांपूर्वीच बदलायला हवी होती, टाकीच्या तळाला गंज धरलाय, आणि पंप मागच्या मे महिन्यापासून नुसता गुरगुरतोय, पाणी चढवत नाही. यातलं काहीही घरातल्या कर्त्या पुरुषाच्या डोळ्यांत खुपत नाही. ओरखडा खुपतो. हा माझा पहिला पुरावा. सजावटीची हौस असती, तर ती फेब्रुवारीत, पत्रा धड होता तेव्हाच उफाळून आली असती.

आता कृती पाहू, कारण अनर्थाचं मूळ तिच्या सोपेपणात आहे. ड्रिल मशीनला बिटाऐवजी लाकडाचा गोल दांडका किंवा रबराचा तुकडा बसवायचा. पत्र्यावर गॅरेजवाले इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायला वापरतात ती ग्राइंडिंग पेस्ट फासायची. फिरतं टोक पत्र्यावर क्षणभर टेकवायचं आणि उचलायचं. खाली एक गोल उमटतो. नीट पाहिलं तर एकात एक असलेल्या बारीक वर्तुळाकार रेघांचा. पुढचा गोल आधीच्या गोलावर निम्मा चढवायचा. ओळ संपली की पुढची ओळ आधीच्या ओळीवर निम्मी चढवायची. पत्रा माशाच्या खवल्यांसारखा दिसू लागतो आणि आपण इकडून तिकडे हललो की प्रत्येक गोलातला उजेडाचा पंखा आपल्याबरोबर फिरतो. बस्स, एवढंच. यात न समजण्यासारखं काहीच नाही, आणि ज्या कामात न समजण्यासारखं काहीच नसतं ते कारागिराकडे द्यायला पुरुषांचं मन धजत नाही.

या कामाच्या नावांकडे पाहिलं तरी संशय बळावतो. इंग्रजीत याला इंजिन टर्निंग म्हणतात. यात इंजिन नाही. दुसरं नाव ज्वेलिंग. यात जडजवाहीर नाही. घड्याळवाले फ्रेंचमधून घेतलेलं पर्लाज हे नाव वापरतात, त्याचा मोत्यांशी संबंध, मोतीही नाही. ज्या कामाची तीन नावं आणि तिन्हींत नसलेल्या वस्तूंचा उल्लेख, त्या कामाला काहीतरी झाकायचं असणारच. मराठीनं या बाबतीत सचोटी पाळली आहे. मराठीत याला नावच नाही. शेजाऱ्यानं “हे काय करून राह्यले भाऊ?” असं विचारलं, की भाऊ हातानंच हवेत गोल काढून दाखवतात, आणि शेजारी घरी जाऊन सांगतो, “त्याहिच्या डोक्यात चक्कर येऊन राह्यली वाटते.”

हत्यारांमध्ये माझं सगळ्यात लाडकं आहे खोडरबर. घरगुती कारागिराकडे ठरावीक मापाचा दांडका नसतो, म्हणून तो मुलाच्या दप्तरातलं रबर घेतो आणि गोल कापून ड्रिलच्या चकमध्ये बसवतो. मराठी शाळेत शिकलेल्या पिढीला लाल-निळं रबर आठवत असेल. लाल बाजू पेन्सिलीसाठी, निळी बाजू शाईसाठी. त्या निळ्या बाजूत खरखरीत कण मिसळलेले असतात, आणि म्हणूनच शाई खोडायला गेलं की शाई तशीच राहायची आणि वहीच्या कागदाला भोक पडायचं. हाच दुर्गुण पत्र्याच्या कामात गुण ठरतो. एरवी चूक खोडण्यासाठी जन्माला आलेली ही वस्तू इथे मिनिटाला चार या वेगानं नवे ओरखडे काढते. शिवाय रबर झिजतं. पहिला गोल रुपयाएवढा, शंभरावा त्याहून बारीक, दोनशेव्यापर्यंत रबराच्या कडा वाकड्या होऊन गोलाचा करंजीसारखा आकार होतो. लाकडाच्या दांडक्याचं उलटं. त्याचं टोक दाबून दाबून भुसभुशीत होत पसरतं आणि गोल दर ओळीला अंगानं भरत जातात. म्हणजे रबर वापरलं तर नक्षीला कुपोषण, दांडका वापरला तर मेदवृद्धी. यावर उपाय असा, की दर काही गोलांनंतर टोक तासून सारखं करायचं. हा उपाय सगळ्यांना माहीत असतो आणि पहिल्या ओळीनंतर कुणीही करत नाही.

आता जरा हिशेब मांडू, कारण हौशी माणूस सगळं मांडतो पण हिशेब मांडत नाही. कूलरचा समोरचा पत्रा ६० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर उंच धरा; पंख्याचं भोक तूर्त विसरू, कारण काम सुरू करताना हौशी माणूसही ते विसरलेला असतो. गोलाचा व्यास २० मिलिमीटर. निम्मा चढवायचा, म्हणजे दर १० मिलिमीटरवर एक गोल. एका ओळीत ६०, अशा ४५ ओळी. एकूण सत्तावीसशे गोल. एका गोलाला टेकवणे, उचलणे, सरकवणे, डोळे बारीक करून पाहणे असे पंधरा सेकंद धरले, तर सव्वाअकरा तास होतात. यात चहा, भारनियमन, पेस्ट सुकणे, आणि ‘तुमच्याकडे बारीक दाण्याची पेस्ट आहे का’ हे विचारायला गॅरेजपर्यंत केलेल्या फेऱ्या धरलेल्या नाहीत. एवढ्यावर थांबलं तरी बरं. पण दर ओळीला हात अर्धा मिलिमीटर चुकला, फक्त अर्धा, तर पंचेचाळिसाव्या ओळीपर्यंत साडेबावीस मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे एका अख्ख्या गोलाहून जास्त. पहिली ओळ जमिनीला समांतर असते आणि शेवटची दिग्रसच्या रस्त्याला लागलेली असते.

अशा वेळी कारागीर काय करतो हे पाहण्यासारखं आहे, कारण माझा दावा तिथेच सिद्ध होतो. वाकडी गेलेली ओळ झाकण्यासाठी तो तिच्यावर आणखी एक ओळ काढतो. ती दुसऱ्या बाजूला वाकडी जाते. मग दोघींच्या मध्ये तिसरी. गोलांवर गोल चढून त्या पट्ट्याची नक्षी पुसली जाते आणि तिथे ढगाळ हवामान तयार होतं. घरातून विचारणा येते, “अहो, आजच्या आज होईल काय थे?” “होऊन राह्यलं.” “कूलर कधी लागन?” “नक्षी झाली की.” “नक्षीनं वारा थंड येते काय?” या प्रश्नाला उत्तर नसतं. ड्रिल मशीनचा आवाज वाढतो. तिसऱ्या दिवशी सासुरवाडीचे पाहुणे येतात, अंगणातल्या पत्र्याकडे बराच वेळ पाहतात आणि आदबीनं विचारतात, “जावईबापू, गारपीट झाली व्हती काय इकडं?”

इथे पहिला आक्षेप येणार हे मला ठाऊक आहे. म्हणतील, अडाण्यांच्या फसलेल्या कामावरून एका जागतिक कलेला बदनाम करू नका. ठीक, जगात जाऊ. चार्ल्स लिंडबर्गनं २० आणि २१ मे १९२७ या दोन दिवसांत न्यूयॉर्क ते पॅरिस असा एकट्यानं, न थांबता, सुमारे साडेतेहतीस तास विमानप्रवास केला. त्याचं ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ हे विमान आज वॉशिंग्टनच्या विमान संग्रहालयात टांगलेलं आहे, आणि त्याच्या नाकावरच्या धातूच्या आवरणावर हीच गोल गोल नक्षी आहे. ही नक्षी त्या जागी किती उपयोगी पडते ते धातूच्या स्वभावावरून कळतं. पत्रा वळवून, ठोकून नाकाला शोभेल असा गोलसर केला की त्यावर बारीक लाटा राहतात, आणि पॉलिश केलेल्या धातूवर प्रत्येक लाट चुगलखोरासारखी बोलते. प्रतिबिंब तिथे वाकडं होतं. गोल नक्षी काढली की प्रतिबिंबच उरत नाही, म्हणून वाकडं होण्याचा प्रश्न मिटतो. गंमत पुढे आहे. त्या विमानात पेट्रोलची मोठी टाकी वैमानिकाच्या पुढ्यात बसवलेली होती. समोर काचच नव्हती. सरळ समोरचं पाहायचं तर बाजूच्या खिडकीतून डोकावायचं किंवा एक छोटा पेरिस्कोप वापरायचा. म्हणजे अख्खा अटलांटिक ओलांडताना त्या माणसाला पुढचं दिसत नव्हतं; पण विमानाचं नाक मात्र नटवलेलं होतं. आपल्याकडे ट्रकच्या काचेला झिरमिळ्या, लिंबू-मिरची आणि पडदा लावून मधल्या फटीतून रस्ता पाहणाऱ्या चालकाला नावं ठेवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

घड्याळांचं प्रकरण याहून सूक्ष्म. महागड्या मनगटी घड्याळांत आतल्या भागात, म्हणजे ज्या तळपत्र्यावर सगळी चाकं बसतात त्याच्यावर, मिलिमीटरभर आकाराचे असे गोल काढलेले असतात. त्यातले बरेचसे तबकडीखाली जातात. घालणाऱ्याला ते आयुष्यात कधी दिसत नाहीत. का काढता म्हणून विचारलं तर घड्याळवाल्यांची परंपरा सांगते, की यंत्रानं पत्रा कापताना पडलेल्या खुणा यात मिटतात, आणि बारीक धूळ चाकांत न जाता या खाचांत अडकून राहते. दुसऱ्या कारणाबद्दल मी आदरपूर्वक गप्प राहतो. धूळ कुठे अडकायचं ते स्वतः ठरवते, हे विदर्भात उन्हाळा काढलेल्या कुणालाही पटेल. पण पहिलं कारण खुद्द धंद्यातल्या लोकांनी सांगितलेलं आहे, आणि ते माझ्याच बाजूचं आहे. खुणा मिटवायला खुणा. तबकडीखालची ही नक्षी बाहेरच्या जगात एकाच माणसाला दिसते, तो म्हणजे घड्याळ दुरुस्त करणारा, आणि तीही घड्याळ बंद पडल्यावर.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, आणि तो मानोऱ्याच्या मातीतूनच येतो. कुणी म्हणेल, चकचकीत पृष्ठभाग तोडून उजेड खेळवायची ओढ माणसात मुळातच असते. तिला लपवाछपवी म्हणणं हा कद्रूपणा झाला. तालुक्यातलंच पोहरादेवी पाहा. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे, देशभरातला बंजारा समाज तिथे येतो, आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी खुलं झालेलं बंजारा विरासत संग्रहालय तर नगाऱ्याच्या आकाराच्या इमारतीत आहे. बंजारा बायकांचा पारंपरिक पोशाख डोळ्यांसमोर आणा. घेरदार घागरा, काचोळी, ओढणी, आणि त्यावर टाक्यांनी बसवलेले लहान लहान गोल आरसे, कवड्या, नाणी. एका मोठ्या आरशात माणूस दिसतो. शंभर छोट्या आरशांत माणूस दिसत नाही, उजेड दिसतो. चालणारी बाई दोन पावलं टाकते आणि सगळं ऊन तिच्याबरोबर हलतं. गोल नक्षीच्या पत्र्यावर उजेडाचा पंखा फिरतो त्याच्यामागचं तत्त्व याच जातीचं. हे भरतकाम चूक झाकायला केलेलं आहे असं म्हणायची माझी हिंमत नाही, आणि ते खरंही नाही. म्हणून हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. उजेडाची ओढ असते. पण जिथे ती खरी असते तिथे काम आधी ठरतं आणि मग कापड हातात येतं. आरसा कुठे बसणार, त्याच्याभोवती टाका कसा फिरणार, दोन आरशांत अंतर किती, हे हातांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत असतं. कुठल्याही बंजारा आजीनं घागऱ्यावर रश्शाचा डाग पडला म्हणून त्यावर सत्तावीसशे आरसे शिवल्याचं ऐकिवात नाही. आपल्या कूलरवाल्याचा क्रम उलटा आहे. त्याच्याकडे आधी डाग आला, ओढ नंतर आली.

याच ओघात तांबटांचं नाव निघणार. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी पेशव्यांच्या काळापासूनची. तांब्याच्या हंड्यावर, घंगाळावर ओळीनं उमटलेले ते गोलसर ठोके, ज्यांना मठारकाम म्हणतात, ते दुरून पाहिले तर आपल्या पत्र्यावरच्या गोलांचे थोरले भाऊ वाटतात. मग तांबटालाही तुम्ही ओरखडे लपवणारा म्हणणार का, असा प्रश्न येईल. नाही म्हणणार. तापवलेलं तांबं मऊ असतं. हातोडीच्या ठोक्यांनी ते कडक होतं, भांडं सहजासहजी चेपत नाही. ठोका आधी कामाचा आहे, आणि दिसायला देखणा आहे तो केवळ कारागिराचा हात एका लयीत पडतो म्हणून. ठोक्यामुळे भांड्याची ताकद वाढते. आपल्या गोलांमुळे पत्र्याची जाडी कमी होते, थोडीच, पण कमीच होते. कूलरचा पत्रा जस्त चढवलेला असेल तर मामला आणखी हास्यास्पद. अशा पत्र्यावर जस्ताची स्वतःची फुलं असतात. थिजताना पडलेली, हिवाळी सकाळी काचेवर हिमाचे स्फटिक धरावेत तशी. ती फुकटची नक्षी ग्राइंडिंग पेस्टनं खरवडून आपण तिथे विकतची काढतो, जस्ताचा पातळ थर निघून जातो, आणि कूलरमध्ये पाणी असतंच. पहिल्या पावसाळ्याची वाट पाहावी लागत नाही. एप्रिलअखेर प्रत्येक गोलाच्या मधोमध तांबूस ठिपका उगवतो. पाहणाऱ्याला वाटतं कुंकू लावलंय.

तिसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. ही नक्षी छापलेला चिकट कागद मिळतो, तो चिकटवा आणि मोकळे व्हा. परदेशी मोटारींच्या डॅशबोर्डावर कारखान्यातूनच असले नक्षीदार पत्रे बसून आले आहेत, मग घरी ड्रिल घेऊन बसायचं कशाला? हा आक्षेप इतका शहाणपणाचा आहे, की तो कुणी ऐकत नाही. का ऐकत नाही, यातच माझ्या दाव्याची शेवटची कडी आहे. छापील कागद ओरखडा झाकतो, पण कूलर कुणाच्या हातून निसटला हा प्रश्न झाकत नाही. सव्वाअकरा तासांची मेहनत तो झाकते. दुसऱ्या दिवसापासून घरात कुणी ‘कूलर कुणी सोडला’ असं विचारत नाही. ‘हे कधी संपणार’ एवढंच विचारतात. घटनेचं रूपांतर उपक्रमात झालेलं असतं. हीच युक्ती माणूस इतरत्रही वापरतो, पण तिथे ड्रिल मशीन नसतं म्हणून ती ओळखू येत नाही. भाषणात एक वाक्य चुकलं की वक्ता त्याच्यावर आणखी वीस वाक्यं चढवतो. सोसायटीच्या हिशेबात एक रक्कम जुळली नाही की चिटणीस अहवालाला चार परिशिष्टं जोडतो. लग्नपत्रिकेत एक काका राहून गेले, तर दुसऱ्या खेपेला गावातले सगळे काका छापले जातात आणि मूळचे काका ‘आपले नम्र’ या मथळ्याखाली, चौथ्या रांगेत, कुणाला सापडत नाहीत.

इतका वेळ मी ही नक्षी शिकावी लागते असं गृहीत धरून बोलतोय. पण तेही खरं नाही. प्रत्येक मराठी घरात ती रोज होते, न शिकता, न मोजता, आणि तिच्याबद्दल कुणी टाळ्या वाजवत नाही. तारेची घासणी आणि स्टीलचं ताट घ्या. वर्षानुवर्षं घासून ताटावर असंख्य बारीक रेघा पडलेल्या असतात, उभ्या, आडव्या, तिरक्या, कशाही. आता ते ताट एका दिव्याखाली धरा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती एकात एक अशी वर्तुळं दिसतील, पाण्यात खडा टाकल्यासारखी. ताट हलवा, वर्तुळं दिव्याच्या प्रतिबिंबामागे हलतील. घासणाऱ्या हातानं ही वर्तुळं काढलेली नसतात. रेघा सगळ्या दिशांना आहेत. पण त्यातल्या ज्या प्रतिबिंबाभोवती आडव्या पडल्या आहेत तेवढ्याच आपल्या डोळ्यांकडे उजेड टाकतात, बाकीच्या गप्प राहतात, आणि उजेड टाकणाऱ्यांची मिळून वर्तुळं जुळतात. म्हणजे अंगणात एकजण तीन दिवस दर १० मिलिमीटरवर डोळे फोडतोय, आणि मोरीजवळ भांडी घासणाऱ्या बाईच्या हातून तोच परिणाम, अचूक केंद्रासह, दिवसातून दोनदा आपोआप साधतोय. तिला हे सांगितलं तर ती म्हणेल, “मंग थो पत्रा इकडं द्या न बापा, मी घासून देतो.” हा देशातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित प्रस्ताव आहे. तो नाकारला जातो, कारण त्यात ड्रिल मशीन नाही.

एवढं सगळं सांगूनही ज्यांना हे करायचंच आहे ते करणार, याची मला खात्री आहे. त्यांच्यासाठी दोन शब्द. आधी तेलाचा रिकामा पिपा कापून त्यावर शंभर गोल काढून पाहा. पिप्याला भावना नसतात आणि पाहुण्यांना तो दाखवायचा नसतो. पत्रा लाकडी फळीवर चारी कोपऱ्यांनी घट्ट आवळा, नाहीतर ड्रिल पत्र्यावर फिरण्याऐवजी पत्रा ड्रिलवर फिरतो आणि हाताला चावतो. डोळ्यांवर चष्मा घाला. मोजपट्टीवर विश्वास ठेवा, नजरेवर नको. मानोऱ्यातल्या नजरेला कडेवरच्या गोलापेक्षा रस्त्यावरून कोण चाललंय हे जास्त स्पष्ट दिसतं. झाल्यावर पारदर्शक लॅकरचा हात द्या, कारण घासलेल्या ॲल्युमिनियमवर बोटांचे ठसे फार लवकर उमटतात आणि ते झाकायला पुन्हा गोल काढावे लागतील.

आणि सगळ्यात आधी, ड्रिल लावण्यापूर्वी, ग्राइंडिंग पेस्टचा डबा उघडण्यापूर्वी, मुलाच्या दप्तराला हात घालण्यापूर्वी, त्या मूळ ओरखड्यावर एकदा आडवं नख फिरवून पाहा. नख अडलं, तर काम सुरू करू नका. रबर आणि पेस्ट पत्र्याचा वरचा जेमतेम थर खरवडतात. नखाला लागणारा ओरखडा त्याहून खोल असतो, आणि सत्तावीसशे गोल काढून झाल्यावरही तो आपल्या जागी, वीतभर, सरळ, पहिल्याहून जास्त उठून दिसतो.